शेताला कुंपण घालणे सक्तीचे आहे का? कोंडवाड्यापासून झटका मशीनपर्यंत कायदा काय सांगतो?

समजून घ्या : शेजाऱ्याची ढोरे वावरात शिरली तर भरपाई कोणी द्यायची? रोह्यांसाठी लावलेल्या तारेने माणूस दगावला तर गुन्हा कोणता? वऱ्हाडातल्या कास्तकारांना नेहमी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे

तूर फुलोऱ्यावर आली, हरभरा वर आला, की अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत रात्रीची जागल सुरू होते. दर्यापूर-मूर्तिजापूरच्या खारपाणपट्ट्यात रोह्यांचे कळप, अकोट-चिखलदऱ्याकडे आणि पातूर-बार्शीटाकळीच्या जंगलाला लागून रानडुकरे. एका रात्रीत अर्धा एकर हरभरा साफ होतो. मग कोणी बोराट्या लावतो, कोणी जाळीचे कुंपण करतो, कोणी झटका मशीन आणतो. आणि कोणी सरळ पंपाच्या पेटीतून तार ओढून धुऱ्यावर करंट सोडतो.

या शेवटच्या प्रकारात काय होते, ते आपण बातम्यांत वाचतो. तारेला चिकटतो तो रोहीच असेल असे नाही. रात्री ओलिताला निघालेला शेजारी असतो, सालदार असतो, कधी ज्याने तार लावली त्याच्याच घरातला माणूस असतो.

त्यामुळे कुंपणाबाबत कायदा नेमके काय सांगतो, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे. आधी तीन थोडक्यात उत्तरे :

– स्वतःच्या पिकाच्या राखणीसाठी शेताला कुंपण घालण्याची सर्वसाधारण सक्ती कायद्यात नाही.

– पाळीव ढोरांना आवरण्याची जबाबदारी ढोरांच्या मालकाची आहे. तुमच्या शेताला कुंपण नव्हते, ही त्याची सबब होऊ शकत नाही.

– तुमच्या जमिनीवर तुम्ही धोका तयार केला, तर त्यापासून दुसऱ्याला वाचवण्याची जबाबदारी तुमची. मग तो न विचारता तुमच्या शेतात आलेला असला तरीही.

आता सविस्तर.

धुरा वेगळा, कुंपण वेगळे

आपल्याकडे या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. धुरा म्हणजे दोन शेतांची हद्द. कुंपण म्हणजे त्या हद्दीवर किंवा हद्दीच्या आत घातलेला अडथळा. कायदा सक्ती करतो ती हद्दीच्या खुणांची, कुंपणाची नाही.

ब्रिटिश काळात, १८६० च्या दशकापासून, वऱ्हाडात मुंबई पद्धतीची रयतवारी मोजणी झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि हद्दीवर खुणा ठोकल्या गेल्या. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू आहे. या संहितेत हद्दी आणि हद्दीच्या खुणांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या जमिनीच्या हद्दीच्या खुणा जपणे आणि दुरुस्त ठेवणे ही जमीनधारकाची जबाबदारी आहे. खुणा मुद्दाम काढल्या किंवा मोडल्या तर दंड होऊ शकतो. धुरा कोरणे किंवा दगड सरकवणे या भानगडी या प्रकरणात येतात.

पण या खुणांवर काटे लावा, तार ओढा किंवा भिंत बांधा, असे संहिता सांगत नाही. कुंपण घालायचे की नाही, हे जमीनधारकाने ठरवायचे.

शेजाऱ्याच्या ढोरांनी पीक खाल्ले तर?

याचे उत्तर दीडशे वर्षांहून जुने आहे : गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा, १८७१. गावाकडे त्याला कोंडवाड्याचा कायदा म्हणूनच ओळखतात. त्याची पद्धत साधी आहे :

– शेतात शिरून नुकसान करणारी ढोरे शेतकरी स्वतः पकडू शकतो. २४ तासांच्या आत ती कोंडवाड्यात पोहोचवायची.

– मालकाने दंड आणि चारा-पाण्याचा खर्च भरला, की ढोरे परत मिळतात.

– सात दिवसांत कोणी आले नाही तर जाहीर नोटीस निघते. त्यानंतरही मालक आला नाही तर लिलाव होतो.

– पकडलेली ढोरे जबरदस्तीने सोडवून नेली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

– कोणी विनाकारण ढोरे पकडून कोंडली, तर मालकाला दहा दिवसांच्या आत तक्रार करता येते आणि भरपाई मागता येते.

मूळ कायद्यातले दंडाचे दरही वाचण्यासारखे आहेत. हत्तीला दोन रुपये, उंट आणि म्हशीला आठ आणे, गाय-बैल आणि घोड्याला चार आणे, वासरू, गाढव आणि डुकराला दोन आणे, शेळी-मेंढीला एक आणा.

हा दंड म्हणजे पिकाची भरपाई नव्हे. भरपाईसाठी दिवाणी दावा करण्याचा हक्क कायद्याने वेगळा राखून ठेवला आहे. ढोर पकडून कोंडवाड्यात टाकणे हा तातडीचा उपाय, आणि बुडालेल्या पिकाचे पैसे मागणे हा पुढचा.

स्वातंत्र्यानंतर गावातले कोंडवाडे ग्रामपंचायतींकडे आले. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात त्यांची तरतूद आहे. मात्र बऱ्याच गावांत कोंडवाडा आता नावापुरता उरला आहे. पडकी भिंत आणि मोडके फाटक, एवढीच त्याची ओळख.

इंग्रजांच्या आधी काय होते?

ही कल्पना इंग्रजांनी पहिल्यांदा आणली असे नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गुराखी आणि शेतमालक यांच्या भांडणावर नियम आहेत. गावाभोवती शंभर धनुष्ये अंतराची जागा चराईसाठी मोकळी ठेवायची. त्या पट्ट्यात कोणी कुंपण न घालता पीक घेतले आणि ते ढोरांनी खाल्ले, तर गुराख्याला शिक्षा नाही. कुंपण कसे असावे, याचेही माप दिले आहे. उंटाला वरून आत बघता येऊ नये इतके उंच, आणि कुत्र्याचे किंवा डुकराचे तोंड आत शिरेल असे भोक त्यात नको.

म्हणजे तिथे जबाबदारी दोघांत वाटलेली होती. गायरानाला लागून शेती केलीस तर कुंपण तू घाल. बाकीच्या ठिकाणी ढोरे गुराख्याने सांभाळायची.

याज्ञवल्क्यस्मृतीत जनावरानुसार दंडाचे दर आहेत. म्हशीला आठ माष, गाईला त्याच्या निम्मे आणि शेळी-मेंढीला त्याच्याही निम्मे. हे प्रमाण १८७१ च्या आठ आणे आणि चार आण्यांशी पडताळून पाहा. म्हैस आणि गाय यांचे गणित जसेच्या तसे आहे, फक्त शेळी-मेंढीचा दर इंग्रजांच्या यादीत आणखी खाली आहे. इंग्रजांनी ते स्मृतीतून उचलले असे म्हणायला आधार नाही. पण म्हैस गाईच्या दुप्पट नुकसान करते, हा हिशेब दोन्हीकडे एकच दिसतो.

वऱ्हाडसाठी हा कायदा महत्त्वाचा का ठरला?

वऱ्हाड हा मूळचा निजामाचा मुलूख. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात आला, पण कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. १९०२ मध्ये कायमचा भाडेपट्टा झाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. तरीही तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग मानला जात नव्हता, त्यामुळे तिथले कायदे इथे आपोआप लागू होत नसत. त्यासाठी वेगळे आदेश काढावे लागत. १९४१ च्या वऱ्हाड कायदे अधिनियमाने ही अडचण बरीचशी दूर केली.

याच काळात शेतीही बदलली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिथून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. पडीक जमिनी वाहितीखाली आल्या, रेल्वे आली. पऱ्हाटी वाढली तसे चराईचे रान कमी झाले, आणि ढोरे व पीक यांची गाठ रोजच पडू लागली.

इथे जबाबदारी कोणाची हा प्रश्न जगात सगळीकडे सारखा सुटला नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात गुरांचे मोठमोठे कळप मोकळे सोडण्याची पद्धत होती. तिथल्या अनेक राज्यांत कायद्याने शेतकऱ्यालाच सांगितले, की पीक वाचवायचे असेल तर कुंपण तू घाल. १८७४ मध्ये इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि ती तार वेगाने पसरली, त्यामागे ही गरज होती. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने उलटी बाजू घेतली. ढोरे मालकाने आवरायची, शेत उघडे असले तरी चालेल.

लहान शेतकऱ्यासाठी हा फार मोठा आधार होता. पाच एकरवाल्याला चारही बाजूंनी कुंपण परवडणारे नव्हतेच. कायद्याने त्याला सांगितले, की तुझ्या शेताचे कुंपण म्हणजे शेजाऱ्याची जबाबदारी.

मग हे गणित कुठे बिघडले?

कोंडवाड्याचा कायदा एका गृहीतकावर उभा आहे. प्रत्येक जनावराला मालक असतो. १८७१ च्या कायद्यात डुकरांसाठी तर वेगळे कलमच आहे. मालकाच्या हलगर्जीने डुकरांनी पीक उद्ध्वस्त केले, तर त्याला दहा रुपयांपर्यंत दंड. पण ही पाळलेली डुकरे. रानडुकराचा आणि रोह्याचा मालक कोण?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार या प्राण्यांना मारायला बंदी आहे. ते संरक्षण आवश्यक आहे. पण कास्तकाराच्या बाजूने पाहिले तर चित्र असे दिसते : पकडता येत नाही, कोंडता येत नाही, दंड कोणाकडून घ्यावा हे ठरत नाही.

या कायद्याच्या कलम ३९ मध्ये एक गोष्ट आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता ठरते. म्हणजे रोही जिवंतपणी तुमच्या तुरीत उभा असतो, तेव्हा जुन्या कायद्याच्या अर्थाने त्याचा कोणी ‘मालक’ नसतो. तुमच्या धुऱ्यावर मरून पडला, की तो सरकारचा होतो आणि चौकशी तुमची सुरू होते.

सरकार काहीच करत नाही असेही नाही. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वनविभागाकडून मिळते. त्यासाठी लगेच अर्ज आणि पंचनामा लागतो. पिकाला आणि मालमत्तेला त्रासदायक ठरलेल्या प्राण्याबाबत कलम ११ नुसार अधिकृत अधिकारी लेखी परवानगीने कारवाई करू शकतो. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये पीकविम्यात वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीचा जादा संरक्षण म्हणून समावेश जाहीर केला. तो खरीप २०२६ पासून आहे आणि त्यात नुकसानीची माहिती ७२ तासांत द्यायची आहे.

पण भरपाई ही पीक गेल्यानंतरची गोष्ट झाली. पीक जाऊच नये यासाठी शेतकऱ्याला कुंपणच लागते. जी जबाबदारी १८७१ मध्ये कायद्याने त्याच्या डोक्यावरून काढली होती, ती रोही आणि डुकरांनी पुन्हा त्याच्यावर आणून ठेवली आहे.

झटका मशीन चालते, मग थेट करंट का नको?

इथे थोडे विज्ञान समजून घ्यावे लागेल, कारण ‘झटका मशीनमध्ये तर हजारो व्होल्ट असतात, आपला करंट तर २३०च आहे’ हा युक्तिवाद गावोगाव ऐकू येतो.

जीव जातो तो किती विद्युतप्रवाह शरीरातून किती वेळ वाहतो यावर. नुसत्या व्होल्टवर नाही.

घरातल्या किंवा पंपाच्या एका फेजमध्ये २३० व्होल्ट असतात. माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर २३० मिलीअँपिअर प्रवाह वाहतो. अंग ओले असेल, पाय चिखलात असतील, तर याहून जास्त. घरातले जीव वाचवणारे ब्रेकर ३० मिलीअँपिअरला वीज तोडतात, यावरून २३० चा अंदाज घ्या. शिवाय हा प्रवाह थांबत नाही. स्नायू आखडतात, हात तारेवरून सुटत नाही. दर सेकंदाला सुमारे ५३ ज्यूल ऊर्जा शरीरात जात राहते.

झटका मशीन वेगळ्या तत्त्वावर चालते. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकानुसार तिच्या झटक्याचे नियम असे आहेत : दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर, एक झटका दहा मिलिसेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि एका झटक्याची ऊर्जा पाच ज्यूलच्या आत. पाच ज्यूल म्हणजे एक किलोचे वजन अर्धा मीटर उचलायला लागते तेवढी ऊर्जा. झटका जोरात बसतो, पण पुढच्या झटक्याआधी जवळपास पूर्ण सेकंद मोकळा असतो. जनावर मागे हटते, माणूस हात काढून घेतो.

‘पेटीत फ्यूज आहे, काही झाले तर उडेल,’ हाही गैरसमज आहे. पंपाचा फ्यूज किंवा साधा ब्रेकर अनेक अँपिअरला उडतो. माणसाला मारायला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. फ्यूज मोटार वाचवण्यासाठी असतो. माणूस तारेला चिकटला आहे, हे त्याला कळतच नाही.

आणि वऱ्हाडात शेतीपंपांना आलटून पालटून रात्रीची वीज मिळते. म्हणजे ज्या वेळी तारेत करंट असतो, नेमक्या त्याच वेळी शेजारचा कास्तकार ओलितासाठी धुऱ्यावरून अंधारात चालत असतो.

करंट लावला आणि माणूस दगावला तर?

‘तो माझ्या शेतात कशाला आला होता?’ हा बचाव न्यायालयात टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच हे स्पष्ट केले आहे.

प्रकरण बिहारचे, ‘चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य’. शेजारच्या घराच्या शौचालयाची भिंत पडली होती. त्या घरातल्या बायका आरोपीच्या शौचालयात जाऊ लागल्या. आरोपीने आक्षेप घेतला आणि नंतर तिकडे जाणाऱ्या वाटेवर उघडी तार लावून तिच्यात वीज सोडली. शेजारची एक महिला तारेला लागून मरण पावली. ती न विचारता आली होती, असे आरोपीचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. आगंतुक माणसासाठी तुम्ही जागा सुरक्षित करून ठेवावी अशी अपेक्षा नाही, पण त्याला इजा होईल असा सापळा तुम्ही लावू शकत नाही, हे निकालाचे सूत्र होते. हलगर्जीने मृत्यूस कारण ठरल्याची शिक्षा कायम राहिली.

हाच प्रश्न इंग्लंडमध्ये त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षे येऊन गेला होता. तिथे बागांमध्ये तारेला पाय लागला की आपोआप उडणाऱ्या बंदुका लावत. ब्रिस्टॉलजवळ ट्यूलिपच्या एका बागेत शेजाऱ्याचा हरवलेला मोर पक्षी पकडायला १९ वर्षांचा तरुण भिंतीवरून आत उतरला आणि गोळी लागून जखमी झाला. १८२८ मध्ये न्यायालयाने बागमालकाला जबाबदार धरले. कोणतीही सूचना न लावता त्याने बंदूक लावली होती. त्याच्या आदल्याच वर्षी तिथल्या संसदेने अशा बंदुकांवर बंदी घातली होती.

आज थेट करंट लावणाऱ्यावर लागू शकणारी कलमे :

– भारतीय न्याय संहिता, कलम १०६ : हलगर्जीने मृत्यूस कारण, पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेत हीच शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती.

– कलम १०५ : सदोष मनुष्यवध. जीव जाऊ शकतो हे माहीत असूनही तार लावली, असे सिद्ध झाले तर दहा वर्षांपर्यंत कैद.

– वीज कायदा, २००३, कलम १३५ : वीजचोरी. आकडा टाकला तर चोरी आहेच. पण पंपासाठी मंजूर झालेली अधिकृत जोडणी कुंपणासाठी वापरणे हाही मंजूर कारणाबाहेरचा वापर ठरू शकतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

– वन्यजीव कायदा : वाघ, बिबट यांसारखा अनुसूची एकमधला प्राणी मेला तर तीन ते सात वर्षे कैद.

याशिवाय दिवाणी भरपाईचा दावा वेगळा. वीज ही धोकादायक गोष्ट आहे, त्यामुळे ती बाळगणाऱ्याची जबाबदारी कडक असते. २००२ मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावले. रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वार दगावला होता. दुसऱ्याच कोणी चोरून तार ओढली होती, असे मंडळाचे म्हणणे. तरीही भरपाई मंडळावरच आली.

कायदा कुंपण घालायला लावतो, असे कधीच होत नाही का?

होते. पण कारण वेगळे असते. तिथे तुमच्या पिकाचा विचार नसतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा असतो.

*विहीर आणि खड्डे* : भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार, सार्वजनिक रस्त्याला किंवा जागेला लागून असलेली विहीर, टाके किंवा खोदलेला खड्डा धोकादायक असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी त्याला कुंपण घालण्याचा आदेश देऊ शकतात. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि १९७३ च्या संहितेतही हीच तरतूद कलम १३३ म्हणून होती. पांदणीला लागून कठडा नसलेली विहीर असेल, तर गावकरी तहसीलदार किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतात.

*बोअरवेल* : लहान मुले उघड्या बोअरमध्ये पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्देश दिले. खोदकाम सुरू असताना भोवती काटेरी तारेचे कुंपण, केसिंगवर झाकण, आणि सोडून दिलेले बोअर तळापासून वरपर्यंत बुजवणे.

*रेल्वे* : इंग्लंडमध्ये १८४५ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांवर रुळांच्या कडेला कुंपण घालण्याची सक्ती केली होती, शेजारच्या शेतातली जनावरे रुळावर येऊ नयेत म्हणून. आपल्याकडे १८९० च्या आणि नंतर १९८९ च्या रेल्वे कायद्यात सरकार सांगेल तिथे कुंपण, फाटके करायची अशी तरतूद आहे. म्हणूनच शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या मार्गावर सलग कुंपण सगळीकडे दिसत नाही.

या तिन्हींत एकच धागा आहे. ज्याच्या जागेत धोका आहे, त्याने आडोसा करायचा. ज्याचे पीक आहे, त्याने नव्हे.

कुंपण घालायचे ठरवले तर काय लक्षात ठेवाल?

१. आधी मोजणी. हद्दीबाबत जरासाही वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. जाळी आणि खांबांवर खर्च झाल्यावर हद्द चुकली असे कळले, तर खर्चही जातो आणि शेजारही तुटतो.

२. वाट अडवू नका. धुऱ्यावरून शेजाऱ्याची वहिवाट असेल, तर महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार तो तहसीलदारांकडे रस्ता मागू शकतो. पांदण रस्ता तर सार्वजनिकच. कुंपणात फाटक ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

३. झटका मशीन प्रमाणित घ्या. मशीन बॅटरीवर आणि सौर पॅनलवर चालणारे असावे. ते थेट मेनलाइनला किंवा पंपाच्या पेटीला जोडू नका. घरगुती जुगाड करून बनवलेल्या मशीनमध्ये झटक्याची ऊर्जा किती, हे सांगता येत नाही.

४. पाटी लावा, शेजाऱ्याला सांगा. वाटेच्या बाजूला मराठीत आणि चित्रासह सूचना असावी. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही ती कळली पाहिजे.

५. अनुदान विचारा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणासाठी खर्चाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान देण्याची तरतूद आहे. तुमचे गाव योजनेत बसते का आणि सध्याच्या अटी काय, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात तपासा.

६. नुकसान झाले तर थांबू नका. त्याच दिवशी फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, अर्जाची पोच घ्या. विम्यासाठीची ७२ तासांची मुदत वेगळी मोजा.

अजून न सुटलेला प्रश्न

एका शेतकऱ्याने कुंपण घातले, की रोही उपाशी राहत नाहीत. ते शेजारच्या उघड्या वावरात जातात. ज्याला कुंपण परवडते त्याचे पीक वाचते आणि ज्याला परवडत नाही त्याच्याकडे दुप्पट चराई होते. कुंपणवाल्याने कोणताही कायदा मोडलेला नसतो, पण शेजाऱ्याचे नुकसान मात्र वाढलेले असते. यावर १८७१ च्या कायद्यात उत्तर नाही आणि नंतरच्या कायद्यांतही नाही.

म्हणून एकेकट्या शेतापेक्षा गावाच्या शिवारालाच सलग कुंपण, अशी मागणी जंगलालगतच्या गावांतून होते. तिला अर्थ आहे. ढोरांना मालक होता, तेव्हा कायद्याने कुंपणाचा भार मालकावर टाकला होता. आता येणारी जनावरे सगळ्या समाजाच्या वतीने जपली जातात. मग त्यांना अडवण्याचा खर्च फक्त जंगलाशेजारच्या पाच एकरवाल्याने का करायचा, हा प्रश्न ग्रामसभेने ठराव करून वनविभागापुढे आणि आमदारांपुढे ठेवायला हरकत नाही.

तोपर्यंत एवढे पक्के धरा. शेत उघडे ठेवणे गुन्हा नाही. धुऱ्यावर जिवंत तार ठेवणे आहे. आज रात्री पंपाच्या पेटीतून कुंपणाकडे जाणारी वायर कुठे असेल, तर ती आधी काढा.